न तुटणारी रेष

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बाबांना तपासणीसाठी खालच्या मजल्यावर नेलं. नेण्याआधी सिस्टरने त्यांच्या छातीवर चिकटवलेली काड्यापेटीएवढी पांढरी डबी सोडवली, तिची बॅटरी काढून चार्जरच्या खाचेत बसवली आणि रिकामी डबी ट्रेमध्ये पालथी ठेवली. वॉर्डमध्ये ज्या वॉर्डबॉयना सगळे मामा म्हणतात त्यांनी खाट ढकलत नेली, बाबांनी पडल्या पडल्या हात वर करून "आलोच" अशी खूण केली, लिफ्टचं दार मिटलं. काउंटरवरच्या स्क्रीनवर सातव्या खाटेची हिरवी रेष चालूच राहिली.

मुलाने ते पाहिलं आणि आधी त्याला काहीच वाटलं नाही. बटण बंद केल्यावरही पंख्याची पाती थोडा वेळ फिरत राहतात, तसं हे थांबेल, असं समजून तो काउंटरला टेकून नुसता बघत उभा होता. एका हातात बाबांच्या चष्म्याचं घर, दुसऱ्या हातात त्यांच्या कवळीचा प्लास्टिकचा डबा. रेष थांबली नाही. तिच्या टोकाला आकडा होता बहात्तर. तो एकाहत्तर झाला, पुन्हा बहात्तर झाला, जिवंत माणसाचा होतो तसा. त्याने ट्रेकडे पाहिलं. डबी पालथीच होती, तिच्या पोटातली खाच उघडी आणि रिकामी. त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तळपायांना गार लागलं. बुटांच्या आत, मोज्यांच्या आत. मग ते गार वर चढत गुडघ्यांपर्यंत आलं आणि तिथे थांबलं.

हा वॉर्ड जिवावरच्या दुखण्यातून बाहेर आलेल्या, पण घरी सोडण्याइतक्या बऱ्या न झालेल्या माणसांचा. काचेच्या दारापलीकडे खाटा, अलीकडे काउंटर, काउंटरसमोर नातेवाइकांचा बाक. खाटांजवळ यंत्रं नाहीत. प्रत्येकाच्या छातीवर एक डबी. ती हृदयाचे ठोके वायरशिवाय सर्व्हरला कळवते आणि सिस्टरला ते इथे, काउंटरवर, ब्राउझरच्या एका पानावर दिसतात. ठोके बिघडले की स्क्रीन वाजते. डबीच गप्प झाली की रेष करडी व्हायला हवी, तुटक व्हायला हवी, आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा यायला हव्यात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कारण ही स्क्रीन त्याने बनवली होती.

बाबांनी ते साऱ्या वॉर्डला सांगून ठेवलं होतं. "हे आमच्या चिरंजिवांचं काम," ते नव्या सिस्टरलाही सांगत, डॉक्टरांनाही सांगत, फरशी पुसणारीलाही सांगत. आज सकाळी चार नंबरचे ड्रायव्हरकाका सपाता ओढत बाबांच्या खाटेपाशी आले होते. आयुष्य बस चालवण्यात गेलेला माणूस, पाठीवर हात ठेवून चालायचा. "मग साहेब, आमच्या रेषेला जरा चांगला रंग द्या की," ते त्याला म्हणाले. "हिरवा म्हणजे आपला सिग्नल. बघितला की पाय आपोआप दाबला जातो." बाबा इतके हसले की सिस्टरने दोघांनाही दटावलं. मग ड्रायव्हरकाका म्हणाले, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आता जरा पडतो, पडदा ओढून घ्या. मामांनी पडदा ओढला. तो अजून तसाच ओढलेला होता, फिक्या निळ्या रंगाचा, खालून खाटेची चाकं आणि सपाता दिसत होत्या.

रेष अडखळत नव्हती. हाच तर तिचा गुण होता. याच गुणावर त्याने एके काळी बाजी मारली होती, आणि त्या दिवसाची आठवण त्याने इतक्या वेळा काढली होती की आता ती हाताळून गुळगुळीत झाली होती. आज मात्र तिला कडा फुटायला लागल्या.

ते दिवसच वेगळे होते. वेबच्या पानावर नुसता मजकूर आणि चित्रं न दाखवता हलतंबोलतं, कॉम्प्युटरमधल्या मोठ्या प्रोग्रामच्या तोडीचं काही चालवायचं, तर त्यासाठी तेव्हा तीन-चार साधनं एकमेकांच्या उरावर बसली होती. प्रत्येकाच्या मागे एकेक बडी कंपनी. दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती, नवे मेळावे, मेळाव्यांत वाटलेले टी-शर्ट, आणि पुढची दहा वर्षं आमचीच अशी आरोळी. एकदा माणसाने एखादं साधन धरलं की तो त्या घरचा झाला. दुसऱ्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. त्याने धरलेलं साधन ब्राउझरमध्ये वेगळं बसवावं लागायचं, पण एकदा बसवलं की त्यात काय वाटेल ते करता यायचं. सावल्या, उड्या, वळणं, पाण्यासारखं वाहणारं सगळं. ऑफिसात त्याला चित्रकार म्हणत. दुसऱ्या टोकाच्या टेबलावर बसायची ती मास्तरीण. आधी कॉलेजात शिकवायची, आणि इथेही दुसऱ्याचं काम बघताना हातात लाल पेन असल्यासारखं बघायची. तिचं म्हणणं साधं होतं: वेगळं काही बसवायचं नाही, ब्राउझरला स्वतःला जे येतं तेवढ्यातच करायचं. "तुझं ते भाड्याचं घर आहे, चित्रकार," ती म्हणायची. "मालकाने एक दिवस कुलूप लावलं की चित्रं कडेवर घेऊन रस्त्यावर येशील." तो म्हणायचा, "आणि तुझं म्हणजे वाळत घातलेली चादर. वारा आला की हलते, नाही आला की लोंबते." लोक हसायचे. तेव्हा हे भांडण म्हणजे ऑफिसचा विरंगुळा होता.

मग या कामाची मागणी आली आणि साहेबांनी दोघांनाही तीच स्क्रीन करायला सांगितली. ज्याची पसंत पडेल त्याचं साधन, आणि पुढची सगळी कामं त्याच साधनात. दाखवायच्या दिवशी मोठ्या खोलीत दोन लॅपटॉप शेजारी शेजारी, समोर रुग्णालयांचे मुख्य डॉक्टर, आणि डबी चिकटवलेली त्याच्या स्वतःच्या छातीवर, शर्टाच्या आत. एकाच छातीचे ठोके दोन स्क्रीनवर उमटणार होते. खोलीतलं नेटवर्क रडत होतं. मास्तरणीची रेष चालायची, थबकायची, मग मागचं सगळं एकदम ओतायची. खरं तेवढंच ती दाखवत होती. त्याची रेष एकदाही थबकली नाही. कारण त्याने तिच्यात भरणी घातली होती. पुढचा ठोका यायला उशीर झाला की प्रोग्राम वाट बघत बसायचा नाही; आधी नोंदवून ठेवलेल्या ठोक्यांचा एक नमुना घ्यायचा, आत्ताच्या गतीला जुळवायचा आणि मधली जागा भरून काढायचा. खरे ठोके आले की पुन्हा खरे. डोळ्याला सांधा दिसत नसे. मुख्य डॉक्टरांनी त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवलं होतं. "मला ही हवी. जी दाखवलीत तीच. नंतर त्यात उगाच काही करू नका." साहेब म्हणाले, "अगदी तीच." मास्तरणीने लॅपटॉप मिटला. त्या क्षणाचा आवाज त्याला किती तरी वर्षं आवडत आला होता.

भरणीला मर्यादा होती. ती काही सेकंदांपुरतीच होती. त्यानंतरही ठोका आला नाही तर रेष करडी. त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण त्या दिवशी सकाळी खोलीतलं नेटवर्क बघून त्याने ती मर्यादा काढली. दाखवण्यापुरती. या धंद्यात सगळेच असं करतात. दाखवायच्या दिवशी प्रत्येक जण काही ना काही खिळा ठोकून ठेवतो आणि नंतर उपटतो. त्यानेही उपटला होता. त्याला आठवत होतं. दुपारची वेळ, चहाचा कप कीबोर्डच्या डाव्या बाजूला, मागून कोणीतरी पाठीवर थाप मारली होती आणि चहा हिंदकळला होता, आणि त्याने ती ओळ परत टाकली होती. चहा आठवत होता. थाप आठवत होती. ओळ टाकताना आपण कुठल्या प्रतीत होतो, रोजच्या कामाच्या की दाखवायच्या, तेवढं मात्र आठवत नव्हतं. आणि रुग्णालयाला गेली ती दाखवायची प्रत होती. जी दाखवलीत तीच. साहेबांनी स्वतः पाठवली होती.

तपासणाऱ्यांनी कशी नाही पकडली? त्याने काउंटरच्या कडेवर अंगठा दाबून धरला आणि आठवून पाहिलं. त्यांनी डबी बंद करून पाहिली होती. रीतसर, बटण दाबून. बटण दाबलं की डबी जाता जाता सर्व्हरला निरोप देते, मी चालले. निरोप मिळाला की रेष करडी होते. ते बरोबर चालत होतं. निरोप न देता एकाएकी गप्प होणारी डबी कोणी तपासलीच नव्हती. रोज बटण दाबून बंद करणाऱ्या सिस्टरना इतकी वर्षं काही दिसायचं कारण नव्हतं. आजच्या या सिस्टरने बटण दाबलं नाही. तिने सरळ बॅटरी उपसली.

"सिस्टर, बॅटरी कशाला काढलीत?" त्याने विचारलं. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला.

"चार्जिंगला. या नव्या आल्यात ना, वैताग आहेत नुसत्या," ती लिहिता लिहिताच म्हणाली. "आधीच्या निदान टुकटुक करून सांगायच्या. या काही सांगतसवरत नाहीत, एकदम मान टाकतात. म्हणून संधी मिळेल तशी बदलून घेते."

एकदम मान टाकतात. हे शब्द त्याच्या कानात गेले आणि तिथेच बसून राहिले. त्याने स्क्रीनवरच्या सगळ्या खाटांवरून नजर फिरवली. सगळ्या रेषा हिरव्या. सगळ्या चालू.

आणि मग त्याला सुटका सापडली. ती सापडताच त्याच्या घशात जे हललं ते आनंदासारखं होतं, आणि बाबांची डबी ट्रेमध्ये पडलेली असताना ते शोभत नव्हतं. ही स्क्रीन त्याची नव्हतीच. त्याचं साधन केव्हाच संपलं होतं. मालकाने खरंच कुलूप लावलं. एकेका ब्राउझरने ते चालवायचं बंद केलं, आणि त्याची चित्रं जिथे वाहायची तिथे एक करडा चौकोन राहिला. मेळावे बंद झाले, टी-शर्टांची फडकी झाली. साहेबांनी त्याला जुन्या कामांच्या देखभालीला बसवलं आणि मास्तरणीला काचेची खोली दिली. त्याच्या स्क्रीन तिच्या साधनात नव्याने लिहिण्याचं काम तिच्याकडे गेलं. या रुग्णालयातली तर गेल्याच आठवड्यात बदलली. म्हणजे ही तिची. चूक तिची. तो बाकापासून दूर, खिडकीपाशी गेला, त्याने चष्म्याचं घर आणि कवळीचा डबा कट्ट्यावर ठेवला आणि तिला फोन लावला. बाकावर ड्रायव्हरकाकांच्या बायको बसल्या होत्या, मांडीवर नवऱ्याचा स्वेटर घेऊन बटण लावत.

"बोल चित्रकार. बाबा कसे आहेत?"

"खाली नेलंय. ऐक, तुझी स्क्रीन डबी गेल्यावरही रेष काढतेय."

"माझी?"

"तुझी. गेल्या आठवड्यात बदललीत ना इथली? बॅटरी काढलेली डबी माझ्यासमोर ट्रेमध्ये पडलीय. आणि वर बहात्तर दाखवतेय."

पलीकडे खुर्ची सरकली. मग थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.

"भरणी," ती म्हणाली.

"भरणी तुझ्यात कुठून आली? तुझ्यात कधीच नव्हती. तुझी रेष तर अडखळायची."

"अडखळायची म्हणून तर हरले." ती चिडलेली नव्हती, हे जास्त वाईट होतं. "हुबेहूब हवं असा हुकूम होता. साहेब दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून मागे उभे राहायचे. माझी जरा थबकली की म्हणायचे, जुनीसारखी नाही जमत तुम्हाला. मग मी तुझं उघडलं आणि ओळ न ओळ उतरवलं. मर्यादा नव्हती त्यात. मला वाटलं, तू विचार करूनच ठेवली नसशील."

"मला विचारायचंस."

"तू बोलत होतास का माझ्याशी?"

त्याने खिडकीच्या काचेवर कपाळ टेकलं. खाली रस्ता होता, गाड्या आपापल्या रांगेत चालल्या होत्या, एकीलाही कशाची घाई नव्हती.

"नमुनासुद्धा घेतलास?" त्याने विचारलं.

"कुठला?"

"ठोक्यांची फाइल."

"घेतली. 'नमुना' असंच नाव होतं तिचं. मला काय माहीत कोणाचं काळीज आहे ते."

"माझं आहे."

ती एकदम भरभर बोलायला लागली, वर्गात तास संपत आल्यासारखी. "मी आत्ता टाकते मर्यादा, पण तिकडे चढवायला त्यांची परवानगी लागते आणि साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी त्यांना बाहेर काढते. जिथे जिथे तुझी होती तिथे सगळीकडे आता हीच आहे. सगळीकडे, कळतंय ना? तू सिस्टरला सांग. आत्ता. फोन ठेव आणि सांग."

त्याने फोन खिशात टाकला, घर आणि डबा पुन्हा हातांत घेतला. आणि सांगितलं नाही. आधी बघावं, त्याला वाटलं. कदाचित सांगायची वेळच येणार नाही. बाबा तर सुखरूप आहेत, खाली तपासणीच्या खोलीत तंत्रज्ञाला आपल्या चिरंजिवांबद्दल सांगत असतील. बाकी सगळे खरे असतील. मग संध्याकाळपर्यंत मर्यादा चढेल, आणि हे मास्तरीण आणि तो, दोघांतच राहील. त्याने काउंटरला वळसा घातला आणि स्क्रीन नीट दिसेल असा उभा राहिला. सिस्टरने वर पाहिलं आणि नातेवाइकांना असं वागायची सवय असते म्हणून काही म्हटलं नाही.

खरी रेष आणि भरलेली रेष कुणालाच वेगळी ओळखता येऊ नये, यासाठी त्याने तेव्हा जीव ओतला होता. पण त्याला स्वतःला ओळखता यायची. नमुना नोंदवला त्या संध्याकाळी ऑफिसात तो एकटा बसला होता आणि स्वतःचं हृदय स्क्रीनवर बघत होता, आणि त्याला ते दिसलं होतं: सरळ चाललेल्या ठोक्यांमध्ये एक ठोका जरा लवकर यायचा, बुटका, आणि त्याच्यानंतर एक छोटी पोकळी, आणि मग पुन्हा सगळं सुरळीत. पायरी चुकल्यावर शरीर स्वतःला सावरतं तेवढीच ती जागा. डॉक्टर हसले होते. "सगळ्यांना असतो हा. तुम्ही पाहिलात म्हणून भीती वाटतेय." त्याने घरी बायकोला सांगितलं नाही. पण तेव्हापासून तो डाव्या कुशीवर झोपला नाही, कारण उशीत तो आवाज यायचा, आणि ती पोकळी आली की तो पुढचा ठोका येईपर्यंत अंधारात थांबून राहायचा. नमुन्यातून तो ठोका छाटून टाकता आला असता. त्याने ठेवला, कारण त्याने रेष खरी वाटत होती. नमुना गोल फिरायचा, म्हणून भरणी चालू असली की तो बुटका ठोका ठरावीक अंतराने हमखास यायचा.

सातव्या खाटेच्या रेषेत तो आला. लवकर, बुटका, मग पोकळी. बाबांच्या नावाशेजारी त्याचंच हृदय पाय चुकत, सावरत चाललं होतं. त्याच्या छातीत काहीतरी त्याच क्षणी तसंच झालं, की झाल्यासारखं वाटलं. तो इतर रेषा एकेक करून बघू लागला. पहिली, खरी, ओबडधोबड, माणूस कुशीवर वळल्यासारखी मधेच हललेली. दुसरी खरी. तिसऱ्या खाटेवरची बाई खोकली असावी, रेष विस्कटली, त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. चौथी स्वच्छ होती. कुठेही हललेली नाही, आकडा अडुसष्ट, आणि तिच्यावर डोळे ठेवून तो उभा असतानाच एक ठोका जरा लवकर आला, बुटका. मग पोकळी. मग सुरळीत.

सगळ्यांना असतो हा, डॉक्टर म्हणाले होते. ड्रायव्हरकाकांनाही असेल. त्याने वाट पाहिली. रेष स्क्रीनच्या उजव्या कडेला पोचली, पुसली गेली, डावीकडून पुन्हा सुरू झाली. पुन्हा आला. त्याच जागी नाही, पण त्याच अंतराने. अजून एकदा बघू. दर वेळी बघून झालं की त्याला वाटायचं, अजून एकदा, म्हणजे खात्री होईल. आणि खात्री झालेली होती, ती तोंडात घास धरल्यासारखी त्याने नुसती धरून ठेवली होती. नुसती बॅटरी गेली असेल. या नव्या बॅटऱ्या जातातच. डबीने मान टाकली म्हणजे माणसाने टाकली असं नाही. पण केव्हा टाकली? सकाळी काका हसत होते तेव्हा, की पडदा ओढल्यावर, की आत्ता, तो खिडकीपाशी चूक कोणाची ते ठरवत होता तेव्हा? रेषेला ते माहीत नव्हतं. रेषेला 'केव्हा' हे शिकवायलाच तो विसरला होता.

"तुम्हीच ना ते केलंय?" बाकावरून काकू म्हणाल्या. त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुमचे बाबा सांगत होते. मला आपलं बरं वाटतं हो. दिसतंय ना तिथे चौथ्याला चाललंय, म्हणून निवांत बसलेय. नाहीतर मी दर पाच मिनिटांनी आत जाऊन उठवलं असतं त्यांना. वैतागतात मग. म्हणतात, जिवंत आहे, झोपू दे."

तो काही तरी बोलला. काय ते त्याला नंतर आठवलं नाही. तो काउंटरवर वाकला.

"सिस्टर, चार नंबरला जरा आत जाऊन बघता?"

"का? छान चाललंय की त्यांचं." तिने पेनाने स्क्रीन दाखवली. "झोपू दे म्हणालेत. उठवलं तर मलाच ओरडतात."

"ते खरं नसेल."

"काय खरं नसेल?"

"सात नंबर बघा."

तिने पाहिलं. "बहात्तर. उत्तम आहे."

"सात नंबर खाली गेलेत. त्यांची डबी तुमच्या ट्रेमध्ये आहे."

तिने ट्रेकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा ट्रेकडे. मग तिने डबी उचलली, उलटी करून तिच्या रिकाम्या पोटात बोट घातलं, आणि दुसऱ्या हाताचं बोट स्क्रीनवर रेषेच्या टोकाला लावलं. रेष तिच्या नखाखालून पुढे गेली. तिचा चेहरा तरुण होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"मग हे कोणाचं आहे?" तिने विचारलं.

"स्क्रीन स्वतः काढतेय. डबी गप्प झाली तरी थांबत नाही. चार नंबरचंही तसंच आहे. कदाचित नुसती बॅटरी असेल."

"तुम्हाला कसं कळलं चारचं?"

"ओळखू येतं मला."

"आणखी कोणाचं?"

"बाकी खरे दिसतात."

"कधी कळलं तुम्हाला?" ती उठून उभी राहिली होती. "अहो, तुमच्याशी बोलतेय मी. कधी कळलं?"

काउंटरवरच्या भिंतीला घड्याळ होतं. त्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं. मग ती धावली नाही, पण चालली अशी की बाकावरच्या काकूंनी मान वर केली. काचेचं दार उघडलं, तिच्या मागे झुलत राहिलं. निळा पडदा एका हाताने सारून ती आत शिरली आणि पडदा परत पडला. खालून आता चार चाकं, दोन सपाता आणि तिचे पांढरे बूट दिसत होते. बूट खाटेच्या उशाकडे होते. टाचा उचललेल्या.

"काय हो, काय झालं?" काकूंनी अर्धवट उठत विचारलं. स्वेटर त्यांच्या मांडीवरून घसरला होता, त्यांनी तो अर्ध्यात धरला होता.

"काही नाही," तो म्हणाला. "बॅटरी बदलायला गेल्यात." शब्द कुठेही न अडखळता आले. काकू पुन्हा खाली बसल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, चौथी रेष शोधली, आणि तिच्यावर नजर ठेवून स्वेटरची घडी घालायला घेतली. त्याला ओरडून सांगायचं होतं, तिकडे बघू नका, ते ते नाहीत, ते मी आहे. त्याच्या एका हातात चष्म्याचं घर होतं, दुसऱ्यात कवळीचा डबा. खिशात फोन वाजत होता. मास्तरीण असेल, साहेब मीटिंगमधून बाहेर आले असतील, परवानगी मिळाली असेल किंवा नसेल. फोन काढायला हात रिकामा करावा लागला असता. तो हलला नाही. लिफ्टच्या दारावरचा बाण पेटला, खालून कोणीतरी वर येत होतं.

पडद्याआड सिस्टरचा आवाज आला, "काका." मग जरा मोठ्याने, "काका, ऐकताय का?" त्यानंतर आवाज आला नाही. बाबांना खाली सोडून केव्हाच परतलेले मामा आतल्या बाजूने, हातातलं टाकून, त्या दिशेने निघाले.

अकरा वाजून पाच मिनिटांनी चौथ्या खाटेचा पडदा ओढलेलाच होता. लिफ्ट एक मजला खाली थांबली होती. स्क्रीनवर चौथ्या खाटेचा आकडा अडुसष्ट होता.